दुसरा प्रोसेसर आणि बिनरफाराचे पूर्वज

मी ज्या दुकानात मराठी टायपिंग करायचे, ते मीरा रोडला शांती नगरच्या एका सेक्टरात होतं. एका बाजूला फरसाणवाला, दुसऱ्या बाजूला इस्टेट एजंट, आणि मध्ये आम्ही. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, सोसायटीच्या नोटिसा, हरवलेल्या कुत्र्यांचे फोटो, सगळं आमच्याकडे व्हायचं. आम्ही नुकतेच लालबागची खोली विकून इकडे राहायला आलो होतो आणि घरापासून चालत सात मिनिटांवर नोकरी मिळाली, एवढ्या एका गोष्टीसाठी मी पुढे पुष्कळ काही सहन केलं.

मालक मूळचे रत्नागिरीकडचे. बाजारातले सगळे त्यांना शेठ म्हणायचे, आणि ते ऐकू आलं की ते किंचित उंच व्हायचे. गिऱ्हाइकाशी हिंदी, बायकोशी फोनवर मराठी आणि फरसाणवाल्याशी मोडकी गुजराती, अशा तीन भाषा ते बोलायचे. वाचायचे मात्र कोणत्याच भाषेत नाही. दुकानातून बाहेर जाणारा मराठीतला प्रत्येक कागद मी वाचायचे. शेठ त्यावर हात फिरवायचे आणि म्हणायचे, "मस्त झालंय."

दोन हजार दोनच्या आसपासची गोष्ट. एक दिवस शेठ काशीमीऱ्याला गेले आणि टेम्पोतून कॉम्प्युटर घेऊन आले. काशीमीऱ्याला हायवेच्या कडेला एक गोदाम होतं, तिथे बंद पडलेल्या कंपन्यांचं सामान मिळायचं. फिरत्या खुर्च्या, एसी, पाण्याचे कूलर, आणि त्यातच हा. उंची माझ्या कमरेपर्यंत. दोघांनी उचलून आत आणला तेव्हा फरसाणवाला बाहेर येऊन म्हणाला, "फ्रीज लिया क्या?"

"सर्वर है," शेठ म्हणाले. "दो प्रोसेसर का."

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, हे तोपर्यंत मीरा रोडमध्ये शाळेतल्या पोरांनाही ठाऊक झालं होतं. त्यामुळे दोन मेंदूंचा कॉम्प्युटर ही बातमी संध्याकाळपर्यंत सेक्टरभर झाली. शेठनी त्याला हार घातला, हळदकुंकू लावलं, समोर नारळ फोडला आणि नारळाचं पाणी कीबोर्डवर सांडलं. नवीन कीबोर्ड दुसऱ्या दिवशी आला.

तो जोडायला भाईंदर पूर्वेहून एक इंजिनिअर आले. पन्नाशीचे, तोंडात कायम पान, खिशात स्क्रूड्रायव्हर. त्यांनी विचारलं, "यात कोणती विंडोज टाकू?"

मी म्हटलं, "नाइंटी एटच लागेल. आपलं मराठीचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही."

ते खरंच धड चालत नव्हतं. त्या सॉफ्टवेअरची कंपनी कधीच बंद झाली होती. प्रिंटरच्या वायरीपाशी लावायचं एक छोटं कुलूप असायचं, ते असलं तरच सॉफ्टवेअर उघडायचं, आणि तेही नीट फक्त त्या जुन्या विंडोजवर. आमच्या सगळ्या पत्रिका, सगळे फॉन्ट, सगळे गणपती त्याच्यात होते.

इंजिनिअरनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "मग मॅडम, दुसरा प्रोसेसर विसरा. नाइंटी एटला एकच दिसतो. दुसरा आहे हे तिला कळतच नाही."

"मग दुसरा काय करणार?"

"काय करणार? गरम होणार. त्याचा पंखा फिरणार."

शेठ तेव्हा बाहेर पेढे वाटत होते. ते आत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मशीनला कान लावला. दोन पंख्यांचा मिळून पिठाच्या गिरणीसारखा आवाज येत होता.

"चालतोय की," ते म्हणाले. "आवाज दोघांचा येतोय ना? मग झालं. तू उगाच कुणाला काही सांगत बसू नकोस."

चार दिवसांत बाहेर पाटी लागली: 'डबल प्रोसेसरवर मराठी टायपिंग'. वेग जुन्या मशीनइतकाच होता, कारण टायपिंगचा वेग माझ्या बोटांचा होता. पण गिऱ्हाईक वाढलं. माणसं आत येऊन आधी मशीन बघायची, आवाज ऐकायची, मान हलवायची, आणि मग बारशाचं कार्ड करायला द्यायची. एका बारशाच्या कार्डाला दोन प्रोसेसर कशाला लागतात, असं एकानेही विचारलं नाही.

याच पाटीमुळे काका आले.

काका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, गिरगावातून मीरा रोडला आलेले. निवृत्तीनंतर माणसं भजनाला जातात नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतात. काकांनी कुलवृत्तांत लिहायला घेतला होता. आपल्या आडनावाच्या सगळ्या घराण्याची वंशावळ, कोण कुणाचा मुलगा, कुठे नोकरी, शिक्षण किती, मुलं किती. रत्नागिरी, रायगड, पुणे, बडोदा, सगळीकडे पत्रं पाठवून त्यांनी माहिती गोळा केली होती. दोन कापडी पिशव्या भरून फुलस्केप कागद. अक्षर मोत्यासारखं, आणि समासात लाल शाईने सूचना: 'येथे रफार स्पष्ट यावा.'

"शुद्धलेखन हा माझा हळवा विषय आहे," काका म्हणाले. "दोनदा प्रुफं वाचणार मी."

दोनदा प्रुफं म्हणजे दोनदा कागद, दोनदा शाई. शेठ लगेच पुढे सरसावले. "काका, जरूरच नाही. हे डबल प्रोसेसर मशीन आहे. एक प्रोसेसर टाइप करतो, आणि दुसरा मागून शुद्धलेखन तपासत येतो."

काकांनी मशीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "खरं का हो ताई?"

मी कीबोर्डवरून मान न उचलता "हं" म्हटलं. त्या 'हं'चा अर्थ कुणी काहीही लावावा, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण काकांनी एकच अर्थ लावला, आणि तो मला ठाऊक होता.

तरी पहिली शंभर पानं त्यांनी वाचलीच. रोज दहा वाजता यायचे, स्टुलावर बसायचे, लाल पेन उघडायचे. शंभर पानांत तीन चुका सापडल्या, त्यातल्या दोन त्यांच्याच हस्तलिखितातल्या. मी अकरा वर्षं मराठी टाइप करत होते. आधी एका साप्ताहिकात होते, तिथल्या मुख्य प्रूफरीडरने मला ऱ्हस्व-दीर्घावरून रडवलं होतं. तेव्हा तीन चुका म्हणजे मला काही विशेष वाटलं नाही. काकांना मात्र भरून आलं. त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं, उठून मशीनजवळ गेले आणि त्या दुसऱ्या पंख्याच्या बाजूला थोपटलं.

"कमाल आहे याची," ते म्हणाले.

मी त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. राग आला होता, बोलायची इच्छाही झाली होती. पण शेठ समोर उभे होते आणि पगाराचा आठवडा होता. पुढच्या दोनशे पानांची प्रुफं काकांनी वाचली नाहीत. फक्त फोटो नीट लागलेत ना, एवढं बघून जायचे.

काम संपत आलं तेव्हा एका शनिवारी आयटीतला एक तरुण आपला बायोडेटा छापायला आला. कानात वायर, पाठीवर सॅक. त्याने पाटी वाचली, स्क्रीन बघितली आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "अंकल, इसपे तो नाइंटी एट है. फिर तो एक ही चल रहा है. दूसरा तो शोपीस है."

कुणीतरी हसलं. शेठ प्रिंटरकडे वळले. पण बायोडेटा देताना त्यांनी त्या मुलाला कागद वाकवून दिला, त्यावरून मला कळलं की लागलंय.

रविवारी माझी सुट्टी. त्या दिवशी दुपारी शेठनी इंजिनिअरना बोलावलं आणि सांगितलं, दोन्ही चालले पाहिजेत. इंजिनिअरनी विंडोज दोन हजार टाकली. ती दोन्ही प्रोसेसर ओळखते. स्क्रीनवर दोन प्रोसेसरचे दोन आलेख उघडले, दोन्ही हिरवे, दोन्ही वरखाली होणारे. शेठनी म्हणे शेजारच्या इस्टेट एजंटला बोलावून दाखवले. मराठीचं सॉफ्टवेअर कसंबसं, दोन-तीन इशारे देऊन, सुरू झालं. आता दोघांना कामाला लावायला काहीतरी मोठं हवं होतं. सगळ्यात मोठी फाइल कुलवृत्तांताची. शेठनी ती इंजिनिअरकडून उघडून घेतली, लेझर प्रिंटरला छापखान्याच्या प्लेटा ज्यावरून बनतात तो ट्रेसिंग पेपर लावला आणि तीनशे पानं धडाधड काढली. हात फिरवला. "मस्त झालंय" म्हणाले असतील. चार वाजता गठ्ठा भाईंदर पूर्वेच्या छापखान्यात पोचता केला.

सोमवारी मी सकाळी एक लग्नपत्रिका उघडली. 'आशीर्वाद' ऐवजी 'आशीवाद' दिसलं. मी दुरुस्त केलं. पुन्हा 'आशीवाद'. मग 'कार्यालय' बघितलं, 'कायालय'. अख्ख्या मशीनमधला रफार गेला होता. अक्षराच्या डोक्यावर बसणारा तो एवढासा र. जुन्या फॉन्टमध्ये त्याला जो नंबर दिलेला होता, तो नवीन विंडोज स्वतःच्या दुसऱ्याच कुठल्या चिन्हासाठी वापरत होती. त्यामुळे ती तिथे काहीच उमटवत नव्हती. रिकामी जागासुद्धा सोडत नव्हती, की निदान कुणाला संशय यावा.

"शेठ, कुलवृत्तांत कुठाय?"

"प्रेसला. कालच गेला. दोन्ही प्रोसेसरवर काढला, बघायला पाहिजे होतंस तू."

मी त्यांना स्क्रीन दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. रफार नसलेला त्यांना दिसत नव्हता, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता, कारण असलेलाही कधी दिसला नव्हता. शेवटी मी कागदावर दोन्ही शब्द मोठे करून लिहिले.

"एवढंच?" ते म्हणाले. "एवढ्यासाठी परत तीनशे पानं? कोण वाचतं गं कुलवृत्तांत? लोक फोटो बघतात."

"काका वाचतील."

"मी प्रेसला फोन करतो," ते म्हणाले आणि बाहेर गेले. पाच मिनिटांनी आले. "प्लेटा चढल्या. आता काही होत नाही."

छापखान्यातल्या माणसाने मला पुढे कधीतरी सांगितलं की प्लेटा बुधवारी चढल्या आणि फोन कुणाचाच आला नव्हता. पण हे नंतर. त्या दिवशी शेठ बाहेर गेल्यावर मी काकांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला.

"अहो, ते हॉल ठरवायला गेलेत भाईंदरला," त्या म्हणाल्या. "कुलसंमेलन आहे ना प्रकाशनाला. गेले आठ दिवस झोप नाही त्यांना आनंदाने. काही निरोप देऊ का?"

"नाही, सहजच केला होता," मी म्हटलं आणि फोन ठेवला. इंजिनिअर मंगळवारी येऊन पुन्हा नाइंटी एट टाकून गेले. रफार परत आले, दुसरा प्रोसेसर परत पंख्यापुरता उरला, आणि दुकानाचं काम सुरळीत चालू झालं.

कुलसंमेलन भाईंदर पश्चिमेच्या एका हॉलमध्ये होतं. मला आणि शेठना सत्काराचं आमंत्रण. मी न जाण्याची चार कारणं तयार केली होती, पण काका स्वतः घरी येऊन बाबांच्या हातात पत्रिका देऊन गेले.

पुस्तकं छापखान्यातून थेट हॉलवर आली होती आणि दारातच प्रत्येकाला एकेक प्रत मिळत होती. मुखपृष्ठ रंगीत होतं, छापखान्यातल्या चित्रकाराने केलेलं, त्यामुळे ते शुद्ध होतं. मी आतलं पहिलं पान उघडलं. 'आमचे पूवज.' पान मिटलं आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

आणि मग माझ्या लक्षात आलं की शेठचं बरोबर होतं. अडीचशे माणसं पुस्तक उघडून बसली होती आणि एकही जण वाचत नव्हता. प्रत्येकाने आपलं पान काढलं, आपला फोटो बघितला, मग चुलतभावाचं पान काढून त्याचा फोटो आपल्यापेक्षा मोठा नाही ना, ते बघितलं. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाई नवऱ्याला म्हणत होत्या, "हिचं शिक्षण बी.ए. लिहिलंय बघा. दुसऱ्या वर्षाला दोनदा बसली होती." नवऱ्याचं लक्ष नव्हतं, तो स्वतःचा हुद्दा वाचत होता. तिथे 'कायकारी अभियंता' असं छापलेलं होतं. तो समाधानाने हसत होता.

स्टेजवर मला शाल आणि नारळ मिळाला. शेठना शाल, नारळ आणि पुष्पगुच्छ. काका माइकसमोर उभे राहिले. कोट घातला होता. त्यांनी पत्रं पाठवल्याचं सांगितलं, देवळांच्या वह्या धुंडाळल्याचं सांगितलं, आणि मग ते म्हणाले, "आणि हा ग्रंथ दोन प्रोसेसरच्या खास संगणकावर सिद्ध झाला आहे. त्यातला दुसरा प्रोसेसर केवळ शुद्धलेखन तपासतो."

टाळ्या झाल्या. त्या थांबता थांबता पहिल्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला.

"अरे, पण हे स्वगवासी म्हणजे काय?"

त्या काकांच्या थोरल्या बहीण होत्या. नव्वदीला टेकलेल्या, हातात भिंग. साऱ्या हॉलच्या त्या आत्या. अख्ख्या घराण्यात पुस्तक वाचायला म्हणून उघडणाऱ्या त्या एकट्या.

"काय म्हणालीस, अक्का?" काका माइकमधूनच म्हणाले.

"इथे लिहिलंय. आपल्या वडिलांना स्वगवासी केलंय. आईला धमपत्नी. गाव कजत. स्वर्गाचं वरचं कुठे गेलं रे? गेलेल्या माणसाला वर पोचू तरी द्या!"

आता कुठे अडीचशे माणसांनी वाचायला सुरुवात केली. पानं उलटल्याचा असा आवाज मी त्या आधी किंवा नंतर कधी ऐकला नाही. 'वषे', 'चचगेट', 'दीघायुषी', असे शब्द हॉलभर ऐकू यायला लागले. कायकारी अभियंता उठून उभे राहिले.

शेठनी स्टेजवरून माइक घेतला. मला वाटलं माफी मागतील. ते म्हणाले, "चूक नाहीये ही. नवीन नियम आलाय. सरकारने रफार काढून टाकलाय. कॉम्प्युटर एकदम लेटेस्ट आहे, त्यामुळे त्याने आपोआप काढला."

मग मधल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "हो, पेपरात वाचलं होतं मी." दुसरा म्हणाला, "शाळेतसुद्धा आता शिकवत नाहीत." दोघेही चांगले शिकलेले दिसत होते. आणखी दोन मिनिटं गेली असती तर मराठी भाषेतून त्या हॉलपुरता रफार कायमचा गेला असता.

काकांनी शेठकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे वळले. "खरं का हो ताई?"

खांद्यावर शाल, हातात नारळ. मी म्हटलं, "नाही."

काकांनी मान हलवली, माइक बंद केला आणि खाली उतरून अक्काच्या शेजारी जाऊन बसले. जेवणं झाली. मसालेभात आणि जिलेबी होती. शेठ जेवूनच गेले.

मी दोन दिवसांनी संध्याकाळी काकांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं आणि आत जाऊन पाणी आणलं. बाहेरच्या खोलीत दिवाणावर, खाली, टीव्हीवर, सगळीकडे पुस्तकांचे गठ्ठे. काकांनी मिळतील तेवढ्या प्रती हॉलवरच परत मागून घेतल्या होत्या आणि बारीक निबाच्या काळ्या पेनाने पान एकपासून रफार काढत बसले होते. दोन दिवसांत अडीच प्रती झाल्या होत्या.

"काका, तो दुसरा प्रोसेसर काही तपासत नव्हता," मी उभ्यानेच म्हटलं. "पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. आमच्या जुन्या विंडोजला तो दिसतच नाही. रविवारी शेठ त्याला चालू करायला गेले आणि हे झालं. सोमवारी मला कळलं होतं, तेव्हाही मी बोलले नाही."

"मग इतके दिवस तो करत काय होता?"

"नुसता पंखा फिरत होता."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मग त्या शंभर पानांत चुका नव्हत्या, त्या कुणामुळे?"

मी खाली, गठ्ठ्यांशेजारी बसले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, की शाबासकी दिली नाही. दिवाणाखालून दुसरं पेन काढलं आणि दोन गठ्ठ्यांतला जाड गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

मी जवळजवळ तीन महिने संध्याकाळी सहा ते आठ तिथे जात होते. दिवसा शेठच्या दुकानात रफार टाइप करायचे, संध्याकाळी काकांकडे हाताने काढायचे. नोकरी सोडली नाही. सोडायला हवी होती, पण सात मिनिटांवर दुसरी नव्हती. शेठनी मला एकदाच विचारलं, "अजून जातेस का त्या म्हाताऱ्याकडे?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "त्यांना सांग, पुढच्या आवृत्तीला डिस्काउंट देईन."

पहिला महिना काका माझ्याशी कामापुरतं बोलले. माझी प्रत पुरी झाली की ते ती पुन्हा तपासायचे, पानापानावर बोट फिरवत. दुसऱ्यावर विश्वास टाकून तपासणं सोडायचं नाही, हे आता त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. काही नातेवाइकांनी प्रती परत द्यायला नकार दिला. कायकारी अभियंत्यांनी कळवलं की त्यांच्या प्रतीत फक्त त्यांच्या पानावरची दुरुस्ती करून मिळावी, बाकीचं तसंच राहिलं तरी चालेल.

दीड-दोन महिन्यांनी रफार काढता काढता माझा हात यंत्रासारखा चालायला लागला होता. 'वग' दिसलं की वर्ग, 'माग' दिसलं की मार्ग, शब्द पुरता वाचायच्या आत पेन वर जायचं. एका संध्याकाळी काका माझी प्रत तपासत होते आणि थांबले. चष्मा वर केला.

"ताई, हे काय केलंत?"

मी वाकून बघितलं. त्यांच्या एका चुलत आजोबांची नोंद होती. शेवटचं वाक्य 'त्यांच्या मागे पाच मुलगे व दोन मुली' असं होतं. त्यावर मी ठसठशीत रफार काढून ठेवला होता. 'त्यांच्या मार्गे पाच मुलगे व दोन मुली.'

मी शाई खोडायला ब्लेड शोधू लागले. काका खोकल्यासारखं काहीतरी करत होते. मी वर पाहिलं तर ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आतून काकू बघायला आल्या.

"राहू द्या, राहू द्या," ते म्हणाले. "अख्ख्या ग्रंथात एवढं अचूक वाक्य दुसरं नाही."

आणि ती प्रत त्यांनी झालेल्या गठ्ठ्यावर ठेवून दिली.